मधल्या तळ्यातील चुना

नाव सौ. अनसूयाबाई टेंबे. वय त्रेचाळीस. शिक्षण बी.ए., पुणे. धंदा मुलींच्या शाळेत शिक्षिका. राहणार नई सडकेच्या मागील गल्ली, लष्कर, ग्वाल्हेर. तारीख ४ नोव्हेंबर १९३६, बुधवार, दुपारी शाळा सुटल्यावर.

पतीचे नाव विचारण्यात आले. ते मी उच्चारत नाही. मुन्शी गोविंदराव म्हणाले, "बाई, उखाण्यात घ्या, आम्ही तेवढेच लिहून घेऊ." ठाणेदारसाहेबांना उखाणा म्हणजे काय ते समजावून द्यावे लागले. शेवटी मुन्शींनी समासात 'रमाकांत टेंबे, नाले व गटार खात्यातील इंजिनियर' असे लिहून मला दाखविले. ते बरोबर आहे. बी.ए. झालेल्या बाईने असे करणे विसंगत दिसते, हे मला मान्य आहे.

ठाणेदारसाहेब जबाब हिंदीत घेणार होते. माझ्या तोंडचे वाक्य दुसऱ्याच्या हातून जाताना बदलू नये म्हणून मी तो मराठीत स्वहस्ते लिहिण्याची परवानगी मागितली व ती मिळाली. तरी मी समक्ष हजर राहून लिहून देते की:

फूलबागेच्या खालच्या अंगाला नाल्याकाठी जी तीन तळी आहेत ती माझ्या पतींनी आखली व बांधून घेतली. आमच्या भागातील मोऱ्यांचे व गटारांचे पाणी पूर्वी तसेच नाल्यात जात असे. आता ते आधी या तळ्यांतून फिरते. घरात आम्ही त्यांना थोरले, मधले आणि धाकटे म्हणतो. थोरले खोल व काळे आहे. त्यात गाळ तळाशी बसतो आणि तिथेच कुजून जिरतो. मधले उथळ, पसरट व हिरवे आहे. धाकट्यात पाणी निवळते, त्यात मासे सोडलेले आहेत, आणि तेथून ते बागेतल्या वाफ्यांना जाते. कोठेही यंत्र नाही. पाणी आपल्या उताराने जाते आणि बाकीचे काम ऊन करते.

मधल्याच्या हिरव्या रंगाविषयी लोकांचा गैरसमज आहे, म्हणून थोडे लिहिते. ते हिरवे म्हणजे घाण नव्हे. अगदी बारीक, डोळ्यांना सुटे न दिसणारे शेवाळ आहे ते. दिवसा ते ऊन घेते व पाण्यात प्राणवायू सोडते. त्या प्राणवायूवर पाण्यातले जंतू जगतात आणि घाण खाऊन टाकतात. हिरवे गेले की जंतू गुदमरतात, पाणी सडते आणि वास सुटतो. हे मला पतींनी इतक्या वेळा सांगितले आहे की वर्गात मुलींना सांगताना मी त्यांचेच शब्द वापरते.

ते रोज सकाळी एक काचेचा पेला घेऊन तळ्यांवर जातात, तिन्हींतले पाणी आळीपाळीने त्यात घेऊन उजेडासमोर धरतात. हा पेला घरात आणण्यास माझ्या सासूबाईंची मनाई आहे. तो अंगणात तुळशीपासून लांब, पालथा असतो. एकदा पाहुण्यांना चुकून त्यातून पन्हे दिले गेले, त्यावर सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मुलाशी मात्र बोलत होत्या. पण वाफ्यांतली झेंडूची फुले त्या देवाला वाहतात. "पाण्याला विटाळ असेल, फुलाला कसला?" असे त्यांचे म्हणणे आहे.

सासूबाईंचे नाव भागीरथीबाई, वय सत्तरीच्या पुढे. नक्की त्यांनाही ठाऊक नाही. मला बी.ए.च्या परीक्षेसाठी लग्नानंतर पुन्हा पुण्यास त्यांनीच पाठविले. त्या वेळी गल्लीतल्या बायका त्यांना काय म्हणाल्या, त्याचा या कामाशी संबंध नाही.

तळ्यांची राखण कान्होजी धुमाळ करतात. ते पूर्वी रिसाल्यात होते. त्यांचे वडील माझ्या सासऱ्यांच्या हाताखाली होते. कान्होजींना काल या ठाण्यात आणून ठेवले आहे. फिर्याद आमचे शेजारी महिपतराव यांची आहे की कान्होजींनी तळ्यात विष घालून मासे मारले. महिपतरावांना कान्होजी पोती वाहताना दिसले, हे खरे आहे. पोत्यांत विष होते, हे खरे नाही. त्यांत कळीचा चुना होता आणि तो आमच्या घरचा होता. दिवाळीच्या सफेदीसाठी आणून जिन्याखाली ठेवलेला.

आता घडले त्या क्रमाने लिहिते. मी स्वतः पाहिले ते आणि नंतर ऐकले ते यांची सरमिसळ होऊ नये, म्हणून प्रत्येक ठिकाणी तसे नमूद करीत आहे.

सोमवारी तळी पाहण्यासाठी दरबारचे वरिष्ठ अधिकारी येणार होते. तळी ठेवावी की बुजवावी, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरायचे होते. पती गुरुवारी सरकारी कामाने शिवपुरीस गेले. शुक्रवारी सासूबाई दत्ताच्या देवळातून परत आल्या त्या चपला न काढताच ओटीवर बसल्या. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "महिपत म्हणतो, तुमच्या मुलानं एवढं शिकून हिरवं डबकं बांधलं. साहेब येईल, नाकाला रुमाल लावील आणि बुजवा म्हणेल." मी म्हणाले, "त्यांना बोलू द्या. हिरवं असणंच बरोबर आहे." त्या म्हणाल्या, "ते तुला आणि त्याला. साहेबाला कोण सांगणार?" यावर मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. बहुधा दिले नाही, माझ्यापुढे तपासायच्या वह्या होत्या.

शनिवारी मी शाळेत होते. दुपारी जे झाले ते मी पाहिलेले नाही. पुढील मजकूर मला रविवारी खुद्द सासूबाईंनी सांगितला. त्यांच्या माहेरी दरवर्षी दिवाळीआधी विहिरीत चुना टाकीत. पाणी एका रात्रीत निवळे आणि वर्षभर कोणाचे पोट दुखत नसे. तोच उपाय त्यांनी तळ्यावर करायचे ठरविले. कान्होजींना बोलावून पोती गाडीवर चढवली आणि स्वतः बरोबर गेल्या. कान्होजी म्हणाले, "आईसाहेब, साहेबांना आल्यावर एक बार पूछ लेते तो?" त्यावर त्या म्हणाल्या, "त्याला काय विचारायचं? त्याच्या मुंजीत मांडवाला फुलं लावली, तेव्हा काय त्याला विचारलं होतं?" दोन पोती चुना मधल्या तळ्यात चारी बाजूंनी ओतला गेला.

मी शाळेतून आले तेव्हा सासूबाई नहाणीत बराच वेळ हात धूत होत्या. बोटे लाल झाली होती. मी खोबरेल तेल दिले. "काय झालं?" म्हणताच त्या म्हणाल्या, "सोमवारी बघ," आणि हसल्या. हे मी पाहिले.

रविवारी सकाळी त्या मला हाताला धरून तळ्यावर घेऊन गेल्या. पाणी काचेसारखे होते. तळाची माती दिसत होती, तिच्यावर फिकट साय धरल्यासारखा थर होता. त्या म्हणाल्या, "आता म्हणावं महिपतला, ये, तोंड बघ यात." मला त्या वेळी शंका आली होती काय, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिले. आली होती. पण ते पाणी सुंदर दिसत होते, आणि सासूबाईंना इतक्या आनंदात मी पतींच्या नोकरीचे पत्र आले त्या दिवसानंतर पाहिले नव्हते. मी म्हणाले, "छान दिसतंय." हे माझे शब्द आहेत आणि ते लपविण्याचे कारण नाही.

रविवारी संध्याकाळी पती स्टेशनवरून परस्पर तळ्यावर गेले. मी डबा घेऊन तेथे पोहोचले, म्हणून पुढील मी पाहिले. ते काठावर उकिडवे बसले होते. त्यांनी पाणी हाताला लावून दोन बोटे एकमेकांवर घासली, मग पेल्यात घेऊन उजेडासमोर धरले. म्हणाले, "कान्होजी, हे कोणी केलं?" कान्होजी ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मीच, साहेब. मला वाटलं, साफ दिसेल." पती म्हणाले, "तुम्हांला असं वाटणार नाही, कान्होजी."

घरी आल्यावर पतींनी नेहमीप्रमाणे आईंना वाकून नमस्कार केला. तेव्हा त्यांना आणि मागे उभ्या असलेल्या मला, दोघांनाही आईंच्या टाचांच्या भेगांत पांढरे दिसले. ते नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ वाकलेले राहिले. मग उभे राहून म्हणाले, "आई, पाणी छान दिसतंय." त्या म्हणाल्या, "दिसणारच. चल, पानं वाढलीत." त्या रात्री त्यांनी बासुंदी केली होती. पतींनी दोनदा मागून घेतली. नंतर मला एवढेच म्हणाले, "तिला सांगू नकोस."

सोमवारी सकाळी धाकट्या तळ्यात मासे पांढरी पोटे वर करून तरंगत होते. चुन्याचे तीक्ष्ण पाणी मधल्यातून त्यात उतरले होते. उन्हे वर आली तसा मधल्याला वास सुटला. अधिकारी आले, थोडा वेळ थांबले, रुमाल काढला. पतींना त्यांनी विचारले, "हे नेहमीच असं असतं का?" पती म्हणाले, "नाही." ते म्हणाले, "मग आज का?" पतींनी कारण सांगितले नाही. अधिकाऱ्यांनी शेवटचा शेरा शनिवारपर्यंत राखून ठेवला आहे. सासूबाईंना आम्ही सांगितले की पाहणी पुढे ढकलली. मासे मेल्याचे त्यांना दूधवाल्याकडून कळले. त्यांचा समज असा की रात्री कोणी चोरून जाळे टाकले, मासे दगावले, आणि त्या चोरीच्या संशयावरून कान्होजींना नेले. "कान्होजी आणि चोरी!" म्हणून काल दिवसभर त्या महिपतरावांच्या नावाने बोलत होत्या.

कान्होजींनी ठाण्यात सांगितले आहे की चुना त्यांनी स्वतःच्या मनाने घातला. पतींनी काल लिहून दिले आहे की चुना त्यांच्या हुकमाने घातला. हे मला काल संध्याकाळी मुन्शींकडून कळले. दोन्ही जबाब खोटे आहेत. दोघांनी खोटे का सांगितले, हे वरील मजकुरावरून ध्यानी येईल.

मी येथे का आले तेही लिहिते. कान्होजींचा जबाब खरा धरला तर एका निरपराध माणसाला शिक्षा होते. पतींचा खरा धरला तर शेरा असा होईल की तळी बांधणाऱ्यालाच ती राखता आली नाहीत, आणि ती बुजवली जातील. मग सगळ्या मोहल्ल्याची घाण पूर्वीसारखी नाल्यात जाईल. तळ्यांची काही चूक नाही. ती नीट चालली होती. कोणीतरी प्रेमाने त्यांचे हिरवे मारले, इतकेच. चुना निघून जाईल आणि हिरवे पुन्हा येईल. पती म्हणतात, वरून पाणी चालू ठेवून चुना धुऊन काढायचा आणि मुरारच्या वाटेवरील जुन्या खाणीतले हिरवे पाणी आणून घालायचे, की थोड्या दिवसांत मधले पूर्ववत होते. पण तळी शनिवारनंतर राहिली तरच.

आज सकाळी मी पतींना सांगितले की मी ठाण्यात जाणार आहे. ते दाढी करीत होते. आरशातूनच म्हणाले, "तू खोटं लिहिणार नाहीस, हे ठाऊक होतं. म्हणून तर मी काय लिहून दिलं, ते तुला सांगितलं नव्हतं." मी विचारले, "रागावलात?" ते म्हणाले, "नाही. फक्त तिच्या कानांवर जाऊ देऊ नकोस." मी तसा शब्द दिला आहे. म्हणून माझी ठाण्यास विनंती आहे की सासूबाईंना येथे बोलावू नये आणि हा कागद त्यांच्यापर्यंत पोहोचू देऊ नये.

ठाणेदारसाहेबांनी विचारले, "बहनजी, इसमें जहर कहाँ है? यह तो घर की बात हुई." मी म्हणाले, नाहीच. त्यांनी विचारले, "और माताजी को यह सब मालूम नहीं?" मी म्हणाले, "नाही."

येथे माझा जबाब संपला. नियमाप्रमाणे मुन्शी गोविंदरावांनी तो आरंभापासून मोठ्याने वाचून दाखविला.

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच ठिकाणी. खालील मजकूर मुन्शी वाचीत असताना व वाचून झाल्यावर घडला, म्हणून जोडीत आहे.

मुन्शी गोविंदराव कानांनी थोडे कमी आहेत आणि त्यामुळे मोठ्याने वाचतात. हे मला आधी ध्यानात आले नाही. वाचन संपता संपता बाहेरच्या पडवीतून आवाज आला, "तीन."

सासूबाई पडवीतल्या बाकावर होत्या. मांडीवर पितळी डबा होता. टांगा करून त्या कान्होजींसाठी भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन आल्या होत्या. शिपायाने त्यांना बसवून ठेवले होते. केव्हापासून, ते मी शिपायाला विचारले. तो म्हणाला, "जी, उखाणेवाली बात से."

त्या आत आल्या. ठाणेदारसाहेब उभे राहिले व खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. मुन्शींना म्हणाल्या, "लिहा. दोन पोती नाही, तीन. तिसरं कान्होजी नको म्हणत होता. ते मी ओतायला लावलं. सुनेला मी दोनच सांगितली होती, सफेदीला कमी पडेल म्हणून ती कुरकुरली असती." ही दुरुस्ती मी माझ्या जबाबात मान्य करते.

मग त्यांनी मला विचारले, "रमाकांतला केव्हापासून ठाऊक?"

मी म्हणाले, "रविवारी संध्याकाळपासून."

"म्हणजे बासुंदीच्या आधी."

"हो."

"आणि मला म्हणाला, पाणी छान दिसतंय."

मी म्हणाले, "मीही म्हणाले."

त्या खुर्चीवर बसल्या. ठाणेदारसाहेबांनी पाणी मागवले, ते त्यांनी घेतले नाही. बराच वेळ त्या डब्याच्या कडीशी चाळा करीत होत्या. मुन्शींनी या वेळेत टाक पुसून ठेवला. नंतर त्या म्हणाल्या, "दोघं वेडे आहात. लहानपणी त्यानं माझी पैठणी शाईनं माखवली, तेव्हा मी त्याला म्हटलं होतं का, रंग छान दिसतोय म्हणून?"

कोठडीच्या बाजूने कान्होजी म्हणाले, "आईसाहेब, आपण यायचं नव्हतं. मी थोडाच इथं तकलीफमध्ये आहे."

त्या म्हणाल्या, "गप्प बैस. खोटं बोलायला तुला कोणी सांगितलं? तुझा बाप कधी खोटं बोलला नाही." मग मला म्हणाल्या, "ते हिरवं परत येतं म्हणून लिहिलंस. खरं, की मला बरं वाटावं म्हणून?"

मी म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं तुम्ही ऐकताय. खरं आहे."

"खाणीतलं पाणी आणून घालायचं."

"हो. आधी चुना धुऊन काढायचा."

"म्हणजे भांडं आधी विसळायचं आणि मग विरजण लावायचं. एवढंच ना? मला आधी असं सांगितलं असतं, तर मी दह्याच्या भांड्यात कधी चुना टाकला असता का?" हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणी त्यांना या शब्दांत सांगितले नव्हते, हे खरे आहे.

त्या उठल्या. ठाणेदारसाहेबांना म्हणाल्या, "याला सोडा. घागरी उचलायला माणूस लागेल. आणि तुमच्या त्या वरच्या साहेबाला सांगा, शनिवारी यायचं तर जेवायला या. आईनं केलं आहे, ते आईच निस्तरतेय, म्हणावं."

ठाणेदारसाहेब म्हणाले, "माताजी, पहले दस्तखत." सासूबाईंना सही येत नाही. त्यांचे म्हणणे वेगळे टिपून वर जोडले आहे आणि हा कागद, त्यांनी सांगितलेल्या पोत्यांच्या दुरुस्तीसह, त्यांना व मला पुन्हा वाचून दाखविला. या वेळी मुन्शी हळू वाचीत होते. सासूबाईंनी त्यांना मोठ्याने वाचायला सांगितले. मजकूर आम्हां दोघींना मान्य आहे. त्यात मी पतींना दिलेला शब्द मोडला गेला, तो कसा, हे वर लिहिले आहेच.

सही, अनसूया टेंबे.

निशाणी अंगठा, भागीरथीबाई टेंबे. डाव्या अंगठ्याची कातडी चुन्याने सोलली असल्यामुळे ठसा उठला नाही. उजव्याचा घेतला, तोही पुसट आहे. टांगा बाहेर थांबवून ठेवला होता, म्हणून तिसऱ्यांदा घेतला नाही.